वादळग्रस्तांच्या मदतीला जाताना

चक्रीवादळ येऊन गेले की वर्तमानपत्रांत उडालेल्या छपरांची आणि आडव्या झालेल्या बागांची छायाचित्रे येतात. लगेच गावोगावची तरुण मंडळे, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, बचत गट, माजी सैनिक असे सगळे मदतीसाठी पुढे सरसावतात. धान्य, ताडपत्र्या, पत्रे गोळा होतात, टेम्पो ठरतो आणि पहाटे निघायचे पक्के होते. या गडबडीत टेम्पोत काय भरायचे याची यादी होते, पण टेम्पोत बसणाऱ्या माणसांच्या प्रकृतीचा विचार सहसा कोणी करत नाही. मदतीला जाणाऱ्याने स्वतःच्या आरोग्याची कोणती तयारी करावी, हा आजचा विषय आहे.

अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात, जपान-चीनकडे ज्याला टायफून म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. नावे समुद्राप्रमाणे बदलतात, परिणाम मात्र सगळीकडे सारखेच असतात. आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा वादळांचा धोका असतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळ-पोफळीच्या बागा, घरांची छपरे आणि विजेचे खांब यांची त्याने दैना केली. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली होती. त्याच ओडिशात मे २०१९ मध्ये 'फणी' वादळ आले तेव्हा वेळेवर सूचना मिळाल्याने लाखो लोकांना आधीच हलवता आले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळाच्या वेळचा धोका असा कमी करता येतो. वादळ ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत, म्हणजे साफसफाई आणि दुरुस्तीच्या काळात होणारे अपघात आणि आजार मात्र राहतातच. स्वयंसेवक पोहोचतात ते नेमके याच काळात.

मदतनीसच आजारी पडला तर

वादळग्रस्त तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचेच छप्पर गळत असते, वीज नसते, रस्ते बंद असतात आणि डॉक्टर-परिचारिकांची स्वतःची घरेही पडलेली असतात. अशा ठिकाणी बाहेरून आलेला एक जण तापाने किंवा जुलाबाने आडवा झाला, तर तिथल्या माणसाच्या वाट्याची खाट, सलाईन आणि रुग्णवाहिका त्याला द्यावी लागते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे मदतनीस आपल्याबरोबर रोग घेऊन जाऊ शकतो. हैतीमध्ये जानेवारी २०१० मध्ये मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जिथे त्यापूर्वी कॉलरा ठाऊक नव्हता त्या देशात कॉलऱ्याची साथ पसरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरील मैला नदीच्या पाण्यात गेल्याने ती सुरू झाल्याचे तपासात दिसून आले. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० हजार माणसे मरण पावली. २०१६ मध्ये 'मॅथ्यू' हे हरिकेन तिथे धडकल्यावर पाण्याची व्यवस्था मोडली आणि रुग्ण पुन्हा वाढले. आपला हेतू चांगला आहे एवढ्याने जंतू थांबत नाहीत, हे यातून प्रत्येक स्वयंसेवकाने ध्यानात घ्यावे.

कोणी जावे, कोणी थांबावे

ज्याला गेल्या चार-पाच दिवसांत ताप, जुलाब, उलट्या किंवा खोकला झाला असेल त्याने या खेपेला जाऊ नये. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, हृदयविकाराचे रुग्ण, अपस्माराचे झटके अद्याप आटोक्यात नसलेले आणि साखर वरखाली होणारे मधुमेही यांनीही आपत्तीच्या जागी जाणे टाळावे. दमा असणाऱ्यांनी विशेष विचार करावा. पाण्यात भिजलेल्या घरांत दोन-तीन दिवसांतच भिंतींवर, गाद्यांवर बुरशी धरते आणि ती झाडताना उडणाऱ्या कणांनी दमा उसळतो. अशांनी सामान जमवणे, हिशेब ठेवणे, दूरध्वनी सांभाळणे अशी गावातली कामे पत्करावीत. ती कामेही मदतीचीच आहेत.

रक्तदाब किंवा मधुमेह आटोक्यात असलेली धडधाकट मंडळी जाऊ शकतात. मात्र जितके दिवस राहायचे त्याच्या दुप्पट दिवसांची औषधे बरोबर असावीत. रस्ता पुन्हा खचला तर परतण्याचा दिवस आपल्या हाती नसतो. औषधाच्या दुकानात वीज नसेल तर इन्सुलिन मिळणार नाही हे गृहीत धरावे. बरोबर नेलेले इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या माठात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात सावलीत ठेवावे. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असावे. त्यावर नाव, वय, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून कार्ड प्लास्टिकमध्ये घालावे. मोबाईलमध्ये ही माहिती असून भागत नाही, कारण मोबाईल भिजतो आणि त्याची बॅटरीही संपते.

लस आधी, प्रवास नंतर

पडझडीच्या जागी गंजलेले पत्रे, खिळे, तारा आणि चिखल असतात. म्हणून धनुर्वाताची लस ही पहिली गरज आहे. लहानपणी सर्व डोस झालेल्या माणसाने दर दहा वर्षांनी एक बूस्टर घ्यावा. आता सरकारी केंद्रांत पूर्वीच्या टीटीऐवजी टीडी ही लस मिळते. ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. जखम घाण असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल तर पुन्हा डोस द्यावा लागतो. लहानपणी लसीकरण झालेच नसेल, तर एका इंजेक्शनाने काम भागत नाही. चार आठवड्यांच्या अंतराने दोन आणि सहा महिन्यांनी तिसरे घ्यावे लागते.

विषमज्वराची म्हणजे टायफॉईडची लस टोचल्यानंतर तिचे संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घेतलेली लस या प्रवासात फारशी उपयोगी नाही. म्हणून ज्या मंडळांना अशा कामाची हौस आहे त्यांनी वादळाची वाट न पाहता एप्रिल महिन्यातच सभासदांची लसीकरणाची वही तयार करावी. लस घेतली म्हणून कोणतेही पाणी प्यायला हरकत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

पाणी आणि पोट

वादळानंतर विहिरीत खारे पाणी, पाचोळा, मेलेली जनावरे आणि संडासाचे पाणी मिसळते. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशात कॉलऱ्याची साथ आली ती अशाच दूषित पाण्यामुळे. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते प्यायचे पाणी आपले आपण न्यावे. पुढे पाणी उकळूनच प्यावे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच ठेवले की पुरे. सरपण नसेल तर पाणी दुपदरी फडक्याने गाळावे, त्यात क्लोरीनच्या गोळ्या किंवा क्लोरीनचे द्रावण वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात टाकावे आणि अर्धा तास थांबून मग प्यावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचे बळ चिखलातच खर्च होते, म्हणून आधी गाळणे महत्त्वाचे.

हात साबणाने धुवावेत. हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवावर सगळा भरवसा ठेवू नये. २००५ मध्ये अमेरिकेत 'कॅटरिना' हरिकेननंतर ह्यूस्टन शहरातील निवारा केंद्रात नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबांची साथ आली. हजाराहून अधिक जणांवर उपचार करावे लागले आणि सेवा करणारेही त्यात सापडले. या विषाणूवर तो द्रव फारसा चालत नाही, साबण आणि पाणीच लागते. आजारी स्वयंसेवकाने स्वयंपाकाला किंवा वाढायला हात लावू नये. शौचाला उघड्यावर, ओढ्याकाठी जाऊ नये. गावात सोय नसेल तर विहिरीपासून दूर खड्डा खणून प्रत्येक वेळी माती लोटावी.

जुलाब सुरू झालेच तर जलसंजीवनीचे म्हणजे ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घालावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात घालणे चुकीचे आहे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. ही साधी वाटणारी गोष्ट आपत्तीच्या छावणीतच कसाला लागली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले.

चिखल, उंदीर आणि लेप्टो

उंदीर, घुशी, गुरे आणि कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात. पायाला चीर असेल, भेगा असतील किंवा पाण्यात राहून कातडी पांढरी व मऊ पडली असेल तर तिथून ते शरीरात शिरतात. १९९९ नंतर ओडिशात आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. म्हणून चिखलात अनवाणी किंवा चपलेवर उतरू नये. गमबूट घालावेत. सायंकाळी पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि प्रत्येक खरचटल्या जागेवर जंतुनाशक लावून वरून पाणी न शिरणारी पट्टी बांधावी.

डॉक्सिसायक्लिन या औषधाची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा अशा कामावर जाणाऱ्यांना देतात. अंदमानात झालेल्या चाचणीत असे दिसले की या औषधाने जंतूचा शिरकाव थांबला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणजे गोळी हा गमबुटाला पर्याय नाही. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना हे औषध सहसा देत नाहीत. म्हणून ते घ्यायचे की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात जखम भिजली तर आणखी एक सावधगिरी हवी. 'कॅटरिना'नंतर अशा जखमांतून व्हिब्रिओ जातीचे जंतू शिरून काही जण दगावले. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त असतो. जखमेभोवतीची लाली काही तासांत पसरू लागली, फोड आले, थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

छप्पर, झाड आणि तार

वादळानंतर छपरावर चढून पडण्याचे अपघात नेहमी होतात. शेवाळलेली कौले पावसात निसरडी होतात आणि सिमेंटचे पत्रे पायाखाली एकाएकी मोडतात. ज्याला रोजच्या आयुष्यात छपरावर चढण्याची सवय नाही त्याने इथे शिकायला जाऊ नये. त्याने खालून कौले पुरवावीत. चढणाऱ्याने वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर पाय द्यावा आणि कमरेला दोर बांधावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते. ते कोरडे असताना फोडू वा घासू नयेत. पाण्याने ओले करून, तोंडाला ॲसबेस्टॉसपासून संरक्षण देणारी योग्य मुखपट्टी लावून अखंड उतरवावेत.

आडवे पडलेले झाड मेलेले दिसले तरी त्याच्या वाकलेल्या फांद्यांत मोठा ताण असतो. चुकीच्या जागी करवत लागली की फांदी उसळून छातीवर किंवा तोंडावर बसते. यांत्रिक करवत सरावाच्या माणसानेच चालवावी आणि इतरांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहावे.

लोंबणारी प्रत्येक तार जिवंत आहे असेच समजावे. वीज मंडळाच्या माणसाने खात्री दिल्याशिवाय तिला लाकडानेही स्पर्श करू नये. जनरेटर घराच्या वायरिंगला परस्पर जोडल्यास वीज उलटी खांबापर्यंत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव जातो. जनरेटर कधीही खोलीत, पडवीत किंवा खिडकीलगत लावू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच तो मारतो. २०२० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 'लॉरा' हरिकेननंतर अनेकांचे प्राण वाऱ्याने नव्हे तर जनरेटरच्या धुराने गेले. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, उघड्यावर ठेवावा.

साफसफाईसाठी ब्लीचिंग पावडर नेली असेल तर ती संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो.

विंचू, साप आणि उष्मा

पाण्याने बिळे भरली की साप आणि विंचू पडलेल्या भिंतींत, जांभ्या दगडांच्या राशीत आणि झावळ्यांखाली आसरा घेतात. कोकणात फुरसे विशेष. दगड किंवा झावळी उचलण्यापूर्वी ती काठीने आपल्या विरुद्ध दिशेला उलटावी. जाड हातमोजे वापरावेत, सकाळी बूट झटकून घालावेत. साप चावल्यास चिरा देणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव फळीला बांधून हलू देऊ नये आणि प्रतिविष लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशा रुग्णांचे प्राण वाचू लागले. मात्र त्यासाठी रुग्ण वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवा. मंत्र-तंत्रात घालवलेला तास परत येत नाही.

घाटावरच्या कोरड्या हवेतून कोकणात उतरलेल्याला तिथल्या दमट हवेची सवय नसते. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पहिले दोन दिवस निम्मेच काम करावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे आणि भर दुपारी विश्रांती घ्यावी. लघवी गर्द पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून लाल झाले तर तो उष्माघात असतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला कळवावे.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

निघण्यापूर्वी तहसीलदार कार्यालयाशी किंवा १०७७ क्रमांकावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाशी बोलून कोणत्या गावात कशाची गरज आहे ते विचारावे. राहणे, जेवण, पाणी आणि परतीची सोय स्वतःची करावी. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात, म्हणजे एकाला काही झाले तर दुसऱ्याच्या लक्षात येते. जमावात एकाला तरी प्रथमोपचार यायला हवेत आणि निघताना एकाच्या हाती सगळ्यांच्या कार्डांची नक्कल असावी.

मनाचीही तयारी हवी. तीस-चाळीस वर्षे जोपासलेली बाग एका दुपारी गेलेला माणूस आपल्याला तीच हकीकत तीन वेळा सांगतो. ती ऐकून घ्यावी. 'पुन्हा लावा, होईल' असा सल्ला लगेच देऊ नये. परतल्यावर आपल्यालाही काही दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते, घरचे सुख नकोसे वाटते. बरोबर गेलेल्यांशी बोलत राहिल्याने ते ओसरते. दोन-तीन आठवड्यांनंतरही तसेच राहिले तर डॉक्टरांना भेटावे.

परतल्यावर निदान एक महिना प्रकृतीवर लक्ष ठेवावे. लेप्टो दोन दिवसांपासून ३० दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतो. हिवताप, डेंगी आणि विषमज्वरही घरी आल्यानंतरच डोके वर काढतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, कावीळ यांपैकी काहीही झाले तर नुसती तापाची गोळी घेऊन कामावर जाऊ नये. डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिले वाक्य 'मी अमुक तारखेला वादळाच्या भागात चिखलात काम करून आलो' हे असावे. इकडच्या डॉक्टरांना तुमच्या पायाला लागलेला चिखल दिसत नाही, तो तुम्हीच सांगावा लागतो. वेळेवर सुरू केलेल्या साध्या औषधाने लेप्टो बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होण्यापर्यंत पाळी येते. घरच्या मंडळींनाही ही लक्षणे सांगून ठेवावीत, कारण ताप अंगावर काढण्याची सवय असलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्याचे काम बहुधा त्यांनाच करावे लागते.